लाल पुठ्ठ्याची वही

२०१८ च्या मे महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या चिटणीस काकांनी मला घरी बोलावून घेतलं. वय ७८, गुडघ्यांनी साथ सोडलेली, आणि दहा वर्षं संघाचा सगळा पत्रव्यवहार एकहाती सांभाळलेला. चहा झाल्यावर त्यांनी दिवाणाखालून एक पत्र्याची पेटी ओढली आणि म्हणाले, "बाई, हे आता तुमच्याकडे." मी सांगलीत एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे माझ्याहून मोठी माणसंही मला बाईच म्हणतात.

पेटीत लाल कापडी पुठ्ठ्याची एक फुलस्केप वही होती, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती होत्या, टपालखात्याचे शिक्के मारलेल्या कागदांचा एक गठ्ठा होता आणि काडेपेटीत जपून ठेवलेला पेन ड्राइव्ह होता. शिक्क्याचे कागद म्हणजे यूपीसीच्या, टपालात टाकल्याच्या दाखल्याच्या, याद्या. वार्षिक सभेची नोटीस सगळ्यांना टाकली याचा पुरावा म्हणून पूर्वी पोस्टात नावांची यादी द्यायची आणि तिच्यावर शिक्का मारून घ्यायचा. २०११ साली ही सोय बंद झाली, पण काकांनी एकही कागद टाकला नव्हता.

वहीत ४१२ नावं होती. एका पानावर बारा. सभासद क्रमांक, नाव, पत्ता, जन्मतारीख, दूरध्वनी आणि मग एक रिकामा रकाना. त्या रिकाम्या रकान्यातच सगळं काही होतं. कुठे पेन्सिलीची बरोबरची खूण, कुठे निळं वर्तुळ, कुठे नुसतं 'मु.', कुठे फुली. काही नावांच्या आधी बारीक अक्षरात 'कै.' आणि पुढे तारीख. त्या नावांवर काट मारलेली नव्हती. "गेलेल्या माणसाचं नाव खोडायचं नाही," काका म्हणाले. "कै. लिहायचं आणि राहू द्यायचं."

मग दोन तास त्यांनी मला खुणांचे अर्थ सांगितले. निळं वर्तुळ म्हणजे ऐकू येत नाही, फोन करू नका, चिठ्ठी पाठवा. 'मु.' म्हणजे मुलाकडे राहायला गेले, पत्ता बदललेला, पण वर्गणी नेमाने येते. फुली म्हणजे रागावलेले आहेत, पुढच्या सभेला स्वतः घरी जाऊन बोलवायचं. मी वहीच्या शेवटच्या पानावर एकेक लिहून घेत होते. घरी येताना सारखं मनात येत होतं, की काकांना आज बोलवायची बुद्धी झाली नसती, तर ही नावं माझ्याकडे आली असती आणि माणसं पेटीतच राहिली असती.

पेन ड्राइव्हमध्ये दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी टाइप केलेली यादी होती. भाच्याच्या लॅपटॉपवर उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं. यादी श्रीलिपीत केलेली होती. युनिकोड रुळायच्या आधीच्या या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असायचे. तो फॉन्ट तुमच्या संगणकात असेल तर मराठी दिसतं, नसेल तर हा पसारा. रूपांतर करून देणारे प्रोग्राम आहेत, भाच्याने एक चालवूनही पाहिला. पण जोडाक्षरं तुटली, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. नावात एक रफार इकडचा तिकडे झाला तर ते नाव त्या माणसाचं राहत नाही. आम्ही ठरवलं, वही समोर ठेवून सगळं नव्याने टाइप करायचं.

संघाच्या खजिनदार ताई बँकेतून निवृत्त झालेल्या. आकड्याला आकडा लागल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. रोज दुपारी दोन ते चार संघाच्या खोलीत आम्ही दोघी बसायचो. त्या वाचायच्या, मी टाइप करायचे, आणि प्रत्येक पान संपलं की मी वाचायचे आणि त्या वहीवर बोट ठेवून तपासायच्या. चोवीस दुपारी लागल्या.

पहिल्याच दुपारी अडलो. क्रमांक ३/१२, म्हणजे तिसऱ्या पानावरचं बारावं नाव. एक्सेलमध्ये टाइप करून पुढच्या चौकोनात गेले तर मागे तीन डिसेंबर तयार. परगावच्या मुलांचे नंबर देशाच्या ९१ आकड्यासकट टाकले तर बारा आकड्यांचा नंबर आखडून दशांशचिन्हाचं काहीतरी व्हायचं. ताईंनी उपाय शोधला. काहीही टाइप करायच्या आधी तो सगळा रकाना निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करायचा. मग एक्सेल त्याला आकडा समजत नाही, जसं लिहाल तसं ठेवतं. फोन नंबर हा बेरीज-वजाबाकी करायचा आकडा नाहीच, ते एक नावच आहे, हे ताईंचं वाक्य मी आजही नव्या माणसाला सांगते. आणखी एक गोष्ट महिन्याभराने कळली. फोनमध्ये नंबर चढवण्यासाठी फाइल सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची साधी फाइल, करताना साधा पर्याय निवडला तर सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात. तिथे 'यूटीएफ-८' असं लिहिलेला वेगळा पर्याय असतो, तोच घ्यायचा.

नावांचा प्रश्न त्याहून अवघड. आमच्याकडे सत्तावीस कुलकर्णी, त्यातले काही कुळकर्णी. एकसारखं करून टाकावं असं वाटलं होतं, पण अर्जावरच्या सह्या पाहिल्या आणि ज्याने जसं लिहिलंय तसंच ठेवलं. शोधायला सोपं जावं म्हणून शेजारी वेगळा रकाना केला, त्यात सगळे एकाच पद्धतीने लिहिले. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन रकाने वेगळे पाडले, कारण काहींनी आडनाव आधी लिहिलेलं, काहींनी शेवटी. आणि एक रकाना ताईंच्या सांगण्यावरून जास्तीचा केला, 'हाक मारायचं नाव'. वहीत दत्तात्रय असतात, गल्लीत त्यांना कुणी त्या नावाने ओळखत नाही. बापू म्हटलं की लहान मूलसुद्धा दार दाखवतं.

नवरा-बायको दोघंही सभासद आणि घरात फोन एकच, अशी सत्तरएक जोडपी होती. फोन बहुधा नवऱ्याच्या नावावर. म्हणजे काकूंना पाठवलेला निरोप काकांनी सांगितला तरच पोहोचणार. आम्ही नंबराशेजारी 'फोन कुणाकडे असतो' असं लिहायला लागलो.

पत्त्याचा रकाना ठेवायचा की नाही यावर मात्र वाद झाला. कार्यकारिणीत दोघा-तिघांचं म्हणणं, आता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर जातं, चार-चार ओळींचे पत्ते कशाला टाइप करत बसता. मी काकांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "पत्ता काढू नका, बाई. नंबर माणसाच्या खिशात असतो, माणूस पत्त्यावर असतो." म्हणून पिनकोडासकट सगळे पत्ते घातले. गावातले ४१६४१६, विश्रामबागेतले ४१६४१५. टाइप करताना ताईंनी सांगितलं, ही सहा आकड्यांची पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. त्या दुपारी तो आकडा टाइप करताना मला फार बरं वाटलं.

यादी तयार झाली, आता खरी आहे का ते पाहायचं होतं. मी रोज दहा फोन करायचं ठरवलं. सकाळी अकरानंतर, जेवणाच्या आधी. "काका, नंबर बरोबर आहे का एवढंच विचारायचं होतं," असं म्हणून सुरू केलेला फोन अर्ध्या तासाच्या आत क्वचित संपायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असायचं, नातीचं लग्न ठरलेलं असायचं. काहींना संघातून फोन आला याचाच आनंद. दहाचे पाच झाले, पण मी घाई केली नाही.

लँडलाइनचे कितीतरी नंबर बंद होते, काही तर नंबरांच्या सुरुवातीला '२' हा आकडा लागायच्या आधीचे. मोबाइल नंबरांचं वेगळंच. बंद केलेला नंबर कंपनी निदान नव्वद दिवस राखून ठेवते आणि मग दुसऱ्याला देऊ शकते. एका आजींच्या नंबरवर हिंदी बोलणारा तरुण मुलगा भेटला. त्याने सांगितलं की सहा महिने त्याला दर महिन्याला वाढदिवसाच्या कार्यक्रमाचं बोलावणं येतंय, पण कुणाला सांगायचं ते त्याला कळत नव्हतं. आजी मुलीकडे इचलकरंजीला गेल्या होत्या.

आणि एक फोन असा झाला की तो मी विसरू शकत नाही. थकलेल्या वर्गणीचे निरोप नुकतेच गेले होते. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर सभासदाला मत देता येत नाही, म्हणून सभेच्या आधी ही आठवण दरवर्षी जाते. मी एका काकांच्या नंबरवर फोन केला. पलीकडून काकू बोलल्या. "ते मार्चमध्ये गेले. तुमचा निरोप आला, 'आपली वर्गणी बाकी आहे.' मी उद्या येऊन भरून जाते." मला शब्द फुटेना. मी म्हटलं, "काकू, चूक आमची आहे, आम्हाला कळलंच नाही." त्या म्हणाल्या, "तुम्हाला कोण सांगणार, बाई? सांगणारे तेच होते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. परत आल्यावर आम्ही यादीत 'घरातलं दुसरं माणूस' असा रकाना वाढवला. मुलगा, सून, शेजारी, कुणीही, पण एक दुसरं नाव आणि दुसरा नंबर प्रत्येकाच्या पुढे हवाच. आणि वर्गणीचा निरोप कुणालाही थेट न जाता, त्याआधी त्या भागातल्या कुणीतरी एकदा विचारपूस केलेली असली पाहिजे, हे ठरलं. त्या काकू पुढे म्हणाल्या होत्या की यांचा फोन आता माझ्याकडे आहे, नंबर काढू नका, संघाचे निरोप येऊ देत. नंबर तोच राहिला, पुढचं नाव बदललं. काकांचं नाव मी 'स्मृती' नावाच्या वेगळ्या पानावर नेलं, तारखेसह, वहीतल्यासारखं.

व्हॉट्सअ‍ॅपचं काम मात्र लवकर उरकलं. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ च माणसं बसायची, म्हणून दोन ग्रुप होते. दोन्हींत पहाटे साडेपाचपासून फुलं आणि सुप्रभात. सभेची सूचना त्यात बुडून जायची. २०१८ च्या मध्याला ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं अशी सोय आली, ती आम्ही सूचनांच्या ग्रुपला लावली. बोलायला वेगळे ग्रुप ठेवले. माणसांना बोलायलाही जागा लागते, ती बंद करणं मला पटत नव्हतं. ब्रॉडकास्ट यादीही, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची सोय, करून पाहिली, पण तिची अट अशी की ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच निरोप जातो. अर्ध्यांनी साठवलेलाच नव्हता. मग मासिक सभेच्या दिवशी दाराशी टेबल टाकून बसलो. आलेल्या प्रत्येकाचा फोन हातात घ्यायचा, 'संघ कार्यालय' असं मराठीत साठवायचं, त्यांच्यादेखत एक निरोप पाठवून दाखवायचा. त्यासाठी संघाच्या नावाचं वेगळं सिमकार्ड घेतलं. चिटणीस बदलला तरी नंबर बदलायला नको.

एवढं सगळं करून २०१९ चा पावसाळा आला.

सांगलीत राहणाऱ्याला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी तोंडपाठ असते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोयनेचं पाणी आणि पाऊस दोन्ही एकदम आलं आणि पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. २००५ चा पूर पाहिलेली माणसंही म्हणत होती की इथवर येणार नाही. आलं. माझं घर विश्रामबागेत, तिथे पाणी नव्हतं. वीज मात्र गेली होती. मी लॅपटॉप उघडला, दोन तासांची बॅटरी होती, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे साडेतीनशे नावांची तपासलेली यादी आहे, ती आडनावाच्या क्रमाने लावलेली आहे, आणि गावभागात, दत्तनगरला, काकानगरला, सूर्यवंशी प्लॉटला कोण राहतं ते मला त्यातून पटकन सांगता येत नाही.

पत्ते होते. म्हणून निभावलं. मी आणि भाच्याने एकेक पत्ता वाचत कागदावर भागवार नावं उतरवली. कोण तळमजल्यावर, कोण वरच्या, ते आठवणीने. मग फोन. बऱ्याच जणांचे फोन चार्जिंग संपून बंद. तिथे तो 'घरातलं दुसरं माणूस' कामाला आला. एका आजोबांचा नंबर लागेना, पुण्यातल्या सुनेचा लागला. तिने सांगितलं की ते वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे आहेत, पण रक्तदाबाच्या गोळ्या खाली राहिल्या आहेत. बोटीतून मदत पोहोचवणाऱ्या तरुण मुलांचा एक नंबर माझ्याकडे होता, त्यांना घर नेमकं सांगता आलं, दत्तमंदिराच्या मागची दुसरी गल्ली, निळं फाटक. संध्याकाळपर्यंत गोळ्या मिळाल्या. लॅपटॉप तीन वाजताच बंद पडला होता. पुढचे चार दिवस त्या हाताने लिहिलेल्या कागदांवर काम चाललं. पाण्याने ते मऊ पडले, घड्यांवर फाटले, मी चिकटपट्टी लावून वापरले. ते कागद अजून माझ्याकडे आहेत.

एका बाईंचा ठावठिकाणा मात्र आम्हाला तीन दिवस लागला नाही. एकट्या राहणाऱ्या. दुसरा नंबर दिलेला नव्हता, "मला कोण आहे?" म्हणाल्या होत्या आणि मी तो रकाना रिकामा सोडला होता. त्या एका शाळेतल्या निवारा केंद्रात सुखरूप सापडल्या. पण त्या तीन दिवसांतली एकही रात्र मी झोपले नाही. तेव्हापासून तो रकाना रिकामा सोडायचा नाही, असा आमचा नेम आहे. जवळचं कुणी नसेल तर संघातलंच एक नाव तिथे लिहायचं, आणि त्या माणसाला तसं सांगायचं.

पूर ओसरल्यावर यादी पुन्हा मोडून बांधली. आता पहिला रकाना 'भाग'. मग मजला, मग एकटे राहतात का, औषधं रोजची आहेत का. बारा भाग केले आणि प्रत्येक भागाला एक भागप्रमुख. त्याच्याकडे वीस-तीसच नावं, म्हणजे प्रत्येकाला तो तोंडाने ओळखणार. दर जून महिन्यात त्या त्या भागाची यादी कागदावर छापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भागप्रमुखाच्या घरी देतो. मोठ्या अक्षरात, सोळा-अठराच्या टाइपात, कारण वाचणाऱ्यालाही चष्मा आहे.

करोनात हीच साखळी चालली, त्याबद्दल फार लिहीत नाही. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली तेव्हा जन्मतारखा आणि हाक मारायची नावं दोन्ही कामाला आली. लसीच्या नोंदणीच्या कोविन संकेतस्थळावर तेव्हा एका मोबाइल नंबरवरून चार जणांची नोंदणी व्हायची. भागप्रमुखांनी स्वतःच्या फोनवरून शेजारच्या तिघांची करून दिली. त्याच वर्षी जुलैत पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेलं. या वेळी दुपारी फोन सुरू केले ते संध्याकाळी सातपर्यंत संपले. खालच्या भागांतली आमची सगळी माणसं रात्र व्हायच्या आत हलली होती.

ई-मेलचं काम तुलनेने थोडं. आमच्या सभासदांत दीडशेच्या आसपास जण मेल बघतात, पण परगावच्या मुलांना मेलच बरी पडते. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये लेबलं केली आहेत, सभासद, परगावची मुलं, देणगीदार, व्याख्याते. साध्या जीमेलवरून दिवसाला पाचशेच जणांना पाठवता येतं, आम्हाला ते पुरतं. पण २०२२ मध्ये एका कार्यकर्त्याने मासिक पत्रक पाठवताना सगळे पत्ते 'टू' च्या जागी टाकले. ते बीसीसीत टाकायचे असतात, म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही. दिवसभर 'धन्यवाद', 'छान अंक' अशी उत्तरं सगळ्यांना जात राहिली. त्याने फार बिघडलं नाही. बिघडलं ते पुढच्या महिन्यात.

आरोग्य शिबिर घ्यायला म्हणून कुणीतरी आमच्याकडे यादी मागितली. चांगल्या हेतूनेच आमच्यातल्या एकाने पूर्ण फाइल पाठवून दिली. जन्मतारखा, एकटे राहतात का, सगळं तिच्यात होतं. आठवड्याभरात आमच्या माणसांना फोन यायला लागले. नाव घेऊन, वय सांगून, गुंतवणुकीच्या योजना. एका आजींना तर ओटीपी विचारला. नशिबाने शेजारचा मुलगा तिथेच बसलेला होता. आजी मला म्हणाल्या, "बाई, त्याला माझा वाढदिवस माहीत होता. मला वाटलं संघातलाच आहे."

हे वाक्य मला लागलं. आपल्यावर विश्वास ठेवून कुणी सांगितलेलं, की मी एकटी राहते, ते आपण कुणाच्याही हातात दिलं. मी कार्यकारिणीत हा विषय मांडला आणि झालं ते लपवायचं नाही असा आग्रह धरला. आम्ही प्रत्येक सभासदाला फोन करून सांगितलं की यादी बाहेर गेली आहे, सावध राहा, नाव-वय सांगणारा फोन संघाचा समजू नका. काही जण रागावले. दोघांनी नाव काढायला सांगितलं, काढलं. आता पूर्ण यादी मी आणि खजिनदार ताई अशा दोघींकडेच असते. भागप्रमुखाला त्याच्या भागाची तेवढी. बाहेरच्या कुणी कितीही चांगलं शिबिर घेतलं तरी यादी मिळत नाही. त्यांचा निरोप आम्हीच पाठवतो. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा अर्जही नव्याने छापला. कोणती माहिती कशासाठी घेतो ते त्यावर लिहिलं, आणि 'माझा नंबर इतर सभासदांना द्यावा / देऊ नये' अशी एक ओळ घातली. बऱ्याच बायकांनी 'देऊ नये' वर खूण केली. इतकी वर्षं आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मर्यादा आता १०२४ झाली आहे. सगळ्यांचा मिळून एकच ग्रुप करा, असं नवे लोक सांगतात. सूचनांपुरता केलाही आहे. पण भागाचे छोटे ग्रुप मी मोडू दिले नाहीत. पंचवीस जणांत एखादा दोन दिवस बोलला नाही तर कुणाच्या तरी लक्षात येतं, "आज आप्पा दिसले नाहीत." साडेतीनशे जणांत ते कुणाच्या लक्षात यायचं?

चिटणीस काका पुरानंतर मुलाकडे पुण्याला गेले. त्यांच्या नावापुढे मी 'मु.' लिहिलं. दर महिन्याच्या वीस तारखेच्या सुमाराला त्यांचा फोन येतो, पुढच्या महिन्याची वाढदिवसांची यादी तयार आहे का. संघात असताना ते प्रत्येक सभासदाला वाढदिवसाचं पोस्टकार्ड लिहायचे, हे मला आधी माहीत नव्हतं. पन्नास पैशांचं साधं कार्ड, चार ओळी, खाली सही. ते अजूनही लिहितात. मोबाइलवर यादी पाठवली तर त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी ती मोठ्या टाइपात छापून लिफाफ्यात घालून पाठवते, पिनकोडासकट.

मागच्या आठवड्यात त्या काकूंचा फोन आला होता, ज्यांचे यजमान मार्चमध्ये गेले होते त्यांचा. कार्ड मिळालं म्हणाल्या. "काकांचा हात आता थरथरतोय, बाई. अक्षर लागत नाही, पण पत्ता बरोबर लिहिलाय."

पुढच्या महिन्यात तेवीस वाढदिवस आहेत. दोन पत्ते बदललेत. ते आज विचारून घेते, म्हणजे लिफाफा उद्या टपालात पडेल.